सहाचे बारा

माझ्या दादाचा उजवा हात दोनदा मोडला, आणि दोन्ही वेळा एकाच लोखंडी हँडलने मोडला. ट्रॅक्टरच्या पुढच्या तोंडात खुपसून गरागरा फिरवायचं ते हँडल. इंजिन लागलं तर ठीक, पण कधीमधी ते उलटा झटका देतं आणि हात काढून घ्यायला माणसाला वेळच मिळत नाही. पहिल्यांदा मनगट गेलं तेव्हा दादा हसण्यावारी नेत होता. दुसऱ्यांदा मनगटाच्या दोन बोटं वर हाड मोडलं. प्लास्टर काढताना डॉक्टरांनी दादाकडे न बघता वहिनीला सांगितलं, की तिसऱ्यांदा असं झालं तर या हाताने घास उचलता येईल, पण मूठ वळणार नाही.

याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. ट्रॅक्टर तेव्हाच तिशीचा होता. हल्ली तसले ट्रॅक्टर लोक रंगवून, पुसून प्रदर्शनात मांडतात आणि त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. आमच्याकडे तो कामाचा गडी होता. त्याला आम्ही म्हातारा म्हणायचो. एरवी त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. पण त्याची बॅटरी होती सहा व्होल्टची. उन्हाळ्यात ती कशीबशी भागवायची. थंडी पडली की इंजिनातलं तेल मधासारखं दाटायचं, आणि बटण दाबलं की स्टार्टर दोनदा कण्हून गप्प बसायचा. मग दादा शांतपणे खाली उतरायचा आणि हँडल शोधायला लागायचा.

शोधायला अशासाठी, की वहिनी ते लपवून ठेवायची. आधी पोत्यांच्या मागे, मग धुण्याच्या टबाखाली, मग माझ्या गादीखाली. दादाला ते दरवेळी सापडायचं. तो म्हणायचा, शोधाशोध बरी, तेवढीच अंगात ऊब येते.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि दादा-वहिनीकडेच राहत होते. डॉक्टरांकडून आलो त्या दुपारी वहिनी बराच वेळ शेडमध्ये ट्रॅक्टरसमोर बादली पालथी घालून बसली होती. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "वन्सं, हँडल लपवून काही होत नाही. त्याची गरजच संपवायला हवी."

मी विचारलं, ती कशी संपवणार. ते तिलाही माहीत नव्हतं. ती सातवीपर्यंत शिकलेली आणि घरातला बल्ब बदलायचा तरी खुर्चीवर चढायच्या आधी दोनदा मेन स्विच बघणारी बाई होती. पण कुणीतरी तिला सांगितलं होतं, की नव्या गाड्या बारा व्होल्टच्या असतात आणि कितीही गारठा असो, बटणावर सुरू होतात. तेवढं धरून ती निघाली.

शहरात मोटारींचं वाइंडिंग करणारे एक काका होते. अरुंद खोली, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, व्हार्निशचा वास, आणि जमिनीवर पोट उघडून ठेवलेल्या मोटारी. काका तारेचे वेढे मोजत असले की कुणाशी बोलत नसत, नुसतं एक बोट वर करत. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या बोटासमोर अर्धा तास उभ्या होतो. मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वहिनीला विचारलं, मालक कुठे आहेत. वहिनी म्हणाली, "मालक घरी हँडल शोधताहेत." काका पहिल्यांदा हसले.

त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्र काढून दिलं. बॅटरी बारा व्होल्टची घ्यायची. इंजिनात ठिणगी पाडणारी कॉइल बदलायची, दिव्यांचे बल्ब बदलायचे. स्टार्टर तोच ठेवायचा, त्याला दुप्पट जोर मिळेल, फक्त बटण जास्त वेळ दाबून धरायचं नाही. चालत्या इंजिनावर फिरून वीज बनवतो तो डायनॅमो काढून त्यांच्याकडे आणायचा, ते त्यात बारीक तारेचं नवं वाइंडिंग भरून देतील. डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामध्ये कटआउटची डबी असते. डायनॅमोची वीज पुरेशी झाली की ती दार उघडते, कमी झाली की बंद करते. ती डबीही बारा व्होल्टची लागेल. आणि शेवटची गोष्ट त्यांनी पुठ्ठ्यावर दोनदा गिरवली. जुन्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. नव्या पद्धतीत मायनस टोक बॉडीला जोडतात. सगळा उलटा कारभार.

घरी आल्यावर दादाने पुठ्ठा सरळ धरला, आडवा धरला आणि म्हणाला, सहाचे बारा करायच्या नादात आपलेच बारा वाजणार. पण त्याने अडवलं नाही. हात गळ्यात अडकवलेला होता, अडवणार कसा.

ते काम आम्ही दोघींनी केलं. माझी ड्यूटी सुटल्यावर उजेड असेपर्यंत, आणि सुटीच्या दिवशी सकाळपासून. वायरींवर नंबर लिहावेत तर ग्रीसच्या हातांनी पुसले जायचे. वहिनीने मग चिंध्या फाडल्या आणि प्रत्येक वायरीला एकेक बांधली. एका गाठीची, दोन गाठींची, तीन गाठींची. पुठ्ठ्यावरही तशाच गाठी काढल्या. तीस वर्षांच्या वायरी त्या. त्यांच्यावरचं कापडी वेष्टण बोट लागताच भुगा होऊन पडायचं आणि आतून तांबं निघायचं, वरून हिरवट पडलेलं, खरवडलं की नव्या भांड्यासारखं. मला प्रत्येक वेळी नवल वाटायचं. एवढी वर्षं या अंधाऱ्या नळ्यांतून काहीतरी धावत होतं, आणि आम्ही त्याच्यावर बसून फिरत होतो, आणि त्याला कधी कुणी पाहिलं नव्हतं.

डायनॅमो तयार झाला. काकांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून वहिनीच्या हातात दिला आणि म्हणाले, जसा दिलाय तसाच बसवा. आम्हाला वाटलं, आपटू नका असं सांगताहेत.

घरी आणून तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, आणि वहिनीच्या मनात आलं की बसवण्याआधी चालतो का बघावा. काकांच्या दुकानात तिने पाहिलं होतं, डायनॅमोला बॅटरीची वीज दिली की तो स्वतःच मोटारीसारखा फिरतो. नवी बॅटरी अजून आली नव्हती, पण म्हाताऱ्याची जुनी कोपऱ्यात होती. दोन वायरी घेतल्या. काकांनी दाखवली होती तशी एक छोटी तार टोकांवर लावली. मी विचारलं, प्लसची तांबडी कुठे लावू. वहिनीने मान वर न करता सांगितलं, "तांबडी बॉडीला. आपली नेहमीसारखी."

मी टेकवली. डायनॅमो आधी थरथरला, आणि मग हळूहळू फिरायला लागला. आवाज नाही, धक्का नाही. टेबलावर पाण्याचा पेला होता, त्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठली. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. वहिनी पुटपुटली, "बघा तरी, कसा फिरतोय. आत काही नाही, नुसती तार." तिचा चेहरा मला अजून आठवतो. तान्ह्या मुलाची पहिली हालचाल बघताना बायकांचा होतो तसा झाला होता.

पेरणीच्या आठवड्यातल्या मंगळवारी सगळं जोडून झालं. थंडी मुद्दाम परीक्षा घ्यायला आल्यासारखी पडली होती. दादाचा हात गळ्यातून मोकळा होऊन तीन आठवडे झाले होते. तो शेडच्या दाराला टेकून उभा राहिला. वहिनी सीटवर चढली आणि तिने बटण दाबलं.

आजवर ऐकलेलं ते कण्हणं झालंच नाही. एक झटका, आणि म्हातारा सुरू. इतक्या चटकन, की बटणावरचं बोट काढायला वहिनीला उशीर झाला. दादाची पाठ दारापासून सुटली. एवढ्या वर्षांत त्या इंजिनाला तसं उठताना आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

हा आनंद मोजून अर्धं मिनिट टिकला. वहिनीने वेग जरा वाढवला आणि कटआउटच्या डबीतून कडकड आवाज यायला लागला, थंडीने दात वाजावेत तसा. मग धूर. समोरच्या पट्टीवर बॅटरी भरते की रिकामी होते ते दाखवणारा काटा असतो. तो रिकामीच्या बाजूला जाऊन आदळला आणि तिथेच थरथरत राहिला. वहिनीने इंजिन बंद केलं, खाली उडी मारली आणि पान्याने बॅटरीची वायर सोडवली. डबीचं झाकण उघडलं तर आतले चांदीचे दोन ठिपके काळे पडून एकमेकांना चिकटले होते.

दादा काही वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने आकाशाकडे बघून सांगितलं की पाऊस शनिवारच्या आत येणार, तोवर बी जमिनीत पडायला हवं. उद्या सकाळी जुनं सगळं परत लावू, आणि इंजिन तो नेहमीसारखं सुरू करेल. नेहमीसारखं म्हणजे कसं, ते कुणी विचारलं नाही. वहिनी एवढंच म्हणाली, "मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या."

"बारापर्यंत," दादा म्हणाला. "बाराचीच हौस आहे ना तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता माझ्या बोर्डावर बियाण्यांच्या दुकानाच्या नंबराचं झाकण पडलं, म्हणजे तिथून कुणीतरी फोन उचलला होता. मी त्या नंबराच्या भोकात जोडणीची दोरी खोचली. वहिनीचा आवाज. तिला शहरात वाइंडिंगवाल्या काकांचा फोन हवा होता. मी जोडून दिला. लाइन त्या दिवशी इतकी खराब होती की दोघांना एकमेकांचं अक्षर ऐकू येईना. मला मात्र दोन्हीकडचं ऐकू येत होतं. अशा वेळी ऑपरेटरने मध्ये निरोप पोचवायचा, असा आमचा नियम होता. पदरचा शब्द घालायचा नाही, हाही नियम होता.

वहिनी म्हणाली, काटा उलटा पडला, डबी जळाली. मी सांगितलं. काकांनी विचारलं, इंजिन लागलं का. मी विचारलं. लागलं, पहिल्या झटक्याला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, वेढे मोजत असतील आणि बोट वर केलं असेल. मग ते म्हणाले, "तिला विचारा, डायनॅमो मी दिल्यावर, बसवायच्या आधी, कुणी फिरवून बघितला का?"

मला उत्तर ठाऊक होतं. तरी मी प्रश्न जसाच्या तसा वहिनीला सांगितला.

मग वहिनी म्हणाली, "सांगा त्यांना, मी फिरवला."

त्या वेळी मी नियम मोडला. म्हटलं, "काका, दोघींनी फिरवला. तांबडी वायर मी टेकवली."

"तुम्ही कोण?"

"मी टेलिफोनबाई. आणि तिची नणंद."

काका खोकले की हसले, कळलं नाही. "तांबडी कुठे टेकवली?"

"बॉडीला."

"का?"

"आमच्याकडे तशीच लावतात. आधीपासून."

"मग त्याने तेच लक्षात ठेवलं," काका म्हणाले. आणि त्यांनी जे सांगितलं ते मी एकेक वाक्य करून वहिनीला पोचवलं. डायनॅमोच्या पोटात लोखंडाचे ठोकळे असतात. त्यांच्यातून वीज गेली की त्यांच्यात थोडं चुंबक उरतं, वीज बंद झाली तरी. पुढच्या वेळी डायनॅमो त्या उरलेल्या चुंबकावरूनच ठरवतो की वीज कोणत्या दिशेने बनवायची. काकांनी त्याला नवी दिशा शिकवून पाठवलं होतं. आम्ही टेबलावर एकदा फिरवून त्याला परत जुनी शिकवली. आता बॅटरी नव्या रीतीची आणि डायनॅमो जुन्या रीतीचा, दोघे एकाच दारात समोरासमोर आले. दार जळलं.

वहिनीने विचारलं, "मग पुन्हा खोलायचा? तुमच्याकडे आणायचा?"

काका म्हणाले, काही खोलायचं नाही. डबीतले ठिपके सोडवून बारीक पॉलिश पेपरने घासा. इंजिन बंद ठेवून बॅटरी जोडा. डबीवर एक टोक बॅटरीचं आहे, एक डायनॅमोचं. वायरीचा तुकडा घ्या आणि दोन्हींना एकदम टेकवा. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. लगेच काढा.

"तेवढ्याने तीस वर्षांचं विसरेल?" हे वहिनीने विचारलं की मी, ते मला आज सांगता येणार नाही.

"लोखंड आहे ते," काका म्हणाले. "माणूस असता तर मी हे काम घेतलं नसतं."

मी सुपरवायझरबाईंकडे गेले आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कुणाचं काय झालं विचारलं तेव्हा म्हटलं, घरातल्या म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. त्यांनी सहानुभूतीने सही केली. मी सायकल अशी हाणली की घरी पोचेपर्यंत मला बोलता येत नव्हतं.

शेडमध्ये बघते तर वहिनी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला पाठ टेकून जमिनीवर बसलेली. मांडीवर ती डबी, हातात पॉलिश पेपर. पाय तिने असे पसरले होते की हँडल खुपसायच्या जागेशी कुणाला उभं राहता येऊ नये. दादा समोर हँडल घेऊन उभा होता. बारा वाजायला वीस मिनिटं होती.

तिने डबी बसवली. बॅटरी जोडली, मायनस टोक बॉडीला, आणि पुठ्ठ्यावर बोट ठेवून पुन्हा तपासलं. मग वायरीचा वीतभर तुकडा दोन्ही हातांत धरला. मी म्हटलं, मी करू का. तिने मान हलवली. "माझ्या हातून चुकलं," ती म्हणाली, "माझ्याच हाताने व्हायला हवं."

तिने टेकवलं.

निळी ठिणगी उडाली, बाजरीच्या दाण्याएवढी. चट् असा आवाज झाला. बस. डायनॅमो हलला नाही, तापला नाही, त्याच्यावरची धूळसुद्धा जागची सरकली नाही. दादा म्हणाला, "झालं?" वहिनी म्हणाली, "काकांनी एवढंच सांगितलंय." आणि ती रडायच्या बेतात होती, कारण बघायला काहीच नव्हतं.

मी त्यानंतर पुष्कळ मोठ्या गोष्टी पाहिल्या. माझ्या एक्स्चेंजमधल्या दोऱ्या गेल्या, समुद्रापलीकडचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा यायला लागला. आता नातीच्या खिशात सगळं जग असतं, आणि ती इंजिनिअर असल्यामुळे तिने मला कागदावर आकृती काढून ते उरलेलं चुंबक समजावलंही आहे. मला समजलं. पण त्या शेडमध्ये, त्या गप्प लोखंडासमोर मी जशी उभी होते, तशी नंतर कधी कशासमोर उभी राहिले नाही. आत काहीतरी इकडचं तिकडे झालं होतं, किंवा झालं नव्हतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते कळायची सोय नव्हती.

वहिनी उठली. सीटवर मात्र बसली नाही. दादाकडे वळून म्हणाली, "तुम्ही बसा."

"मी कशाला? तुझं तू कर."

"अहो, बसा. बोटाने दाबायचंय फक्त."

हँडल हातात घेऊन वर चढता येईना, म्हणून दादाने ते खाली ठेवलं. बसला. उजव्या हाताचा अंगठा पूर्ण वळत नव्हता, त्याने तो बटणावर आडवाच टेकवला आणि दाबला. म्हातारा पहिल्या झटक्याला उठला. दादाने दचकून अंगठा काढला. मग वहिनीने खूण केली, तसा त्याने हळूहळू वेग वाढवला. आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंनी वाकून काट्याकडे बघत होतो. तिघांचीही डोकी जवळजवळ एकमेकांना लागली होती.

काटा मध्यावर थरथरला. डबीतून एकदाच टक् असा आवाज आला, दाराची कडी निघावी तसा. आणि काटा भरतीच्या बाजूला सरकला. सावकाश, जराही न डगमगता, आणि जिथे थांबला तिथे स्थिर राहिला.

इंजिन इतकं समान चाललं होतं की त्या आवाजातही शेड शांत वाटत होती. वहिनीने हात लांब करून डायनॅमोच्या पाठीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

दादाने इंजिन बंद केलं. पण त्याने लगेच पुन्हा बटण दाबलं, आणि म्हातारा पुन्हा उठला. पुन्हा बंद केलं, पुन्हा दाबलं. दरवेळी अंगठ्याकडे बघत होता, मग इंजिनाकडे, मग परत अंगठ्याकडे, जणू दोघांचा काही संबंध आहे यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. पाचव्या की सहाव्या वेळेला वहिनी म्हणाली, "अहो, पुरे आता. शेत तिकडे आहे."

तरी त्याने आणखी एकदा केलंच.